औषध कंपनीची किंमत कशी मोजायची?

सोयाबीनच्या काढणीचे दिवस होते. ओपीडी संपत आली तेव्हा एक निवृत्त गुरुजी रक्तदाब तपासायला आले. वरचा आकडा १७० च्या पुढे. गोळ्या वेळेवर चालू आहेत, मीठ कमी केले आहे, मग वाढला कसा? गुरुजींनी खिशातून मोबाइल काढला आणि माझ्यापुढे धरला.

"डॉक्टरसाहेब, ही औषधाची कंपनी बघा. कॅन्सरवर नवीन औषध काढायलेत म्हणे. निस्ता अठरा रुपयाला शेअर मिळायलाय. पोरगा म्हणतो, बाबा, आता नाही घेतला तर कधीच नाही. तुम्ही औषधातले माणूस. कंपनी कशी आहे, तेवढं सांगा."

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी बाईंच्या नावाने ठेवलेले पैसे या शेअरमध्ये घालायचा विचार चालला होता. रक्तदाब कशाने वाढला, ते कळले.

मी शेअर बाजारातला जाणकार नाही. सरकारी दवाखान्यात तीस वर्षे रुग्ण पाहणारा डॉक्टर आहे. पण कोरोनानंतर गोरेगावसारख्या गावातही लोक मला औषधांबरोबर औषध कंपन्यांबद्दल विचारू लागले आहेत. अशा प्रश्नांना उत्तर देता यावे म्हणून मी थोडा हिशेब शिकून घेतला. तो अवघड नाही, आणि डॉक्टर म्हणून तो सांगावासा वाटतो. कारण अशा पैशांमागे बहुतेक वेळा कुणाची तरी थांबलेली शस्त्रक्रिया असते.

अठरा रुपये म्हणजे स्वस्त?

आपल्या हिंगोली जिल्ह्यात हळद सगळ्यांना ठाऊक आहे. समजा, गावात एकाचा हळद शिजवायचा कुकर आणि पॉलिशचा ड्रम आहे. हंगामात तो दारोदार फिरून लोकांची हळद शिजवून देतो. त्याला हा धंदा विकायचा आहे. तो म्हणतो, "वीस लाख द्या आणि सगळं घेऊन जा."

आपण काय विचारणार? आधी विचारणार, बँकेचे कर्ज किती आहे? तो म्हणतो, आठ लाख. म्हणजे वीस लाख दिल्यावर आठ लाखांचे कर्जही आपल्याच गळ्यात. मग विचारणार, धंद्याच्या खात्यात शिल्लक किती? तीन लाख. ती आपल्याला मिळणार. तेव्हा या धंद्याची खरी किंमत वीस अधिक आठ, वजा तीन, अशी पंचवीस लाख झाली. जमीन घेताना सातबाऱ्यावरचा बोजा आपण पाहतो, तोच हा व्यवहार.

कंपनीच्या बाबतीत या खऱ्या किमतीला एंटरप्राइज व्हॅल्यू म्हणतात. एका शेअरचा भाव गुणिले एकूण शेअर, म्हणजे बाजार भांडवल. त्यात कर्ज मिळवायचे आणि कंपनीकडची रोख वजा करायची. शेअरचा भाव एकट्याने काहीच सांगत नाही. अठरा रुपयांचा शेअर महाग असू शकतो आणि अठराशेचा स्वस्त.

आता दुसरा प्रश्न. हा धंदा वर्षाला कमावतो किती? डिझेल, मजुरी, दुरुस्ती जाऊन पाच लाख उरतात. यातून अजून बँकेचे व्याज, कर आणि घसारा वजा व्हायचा आहे. या तिन्हींच्या आधीच्या कमाईला बाजारात एबिटा म्हणतात. पंचवीस लाखांना पाच लाखांनी भागले की उत्तर येते पाच. म्हणजे आपण पाच वर्षांच्या कमाईएवढी किंमत मोजतो आहोत. या पाचाला पट म्हणू. एकाने कर्ज काढून धंदा उभा केला आणि दुसऱ्याने घरच्या पैशांवर, तरी दोघांची तुलना या पटीने करता येते. म्हणून कंपन्या विकत घेणारे लोक शेअरच्या भावापेक्षा या आकड्याकडे अधिक पाहतात.

अंबरनाथची कुपी आणि १३,६३० कोटी

आता खरे उदाहरण घेऊ. ते आमच्या दवाखान्याच्या फ्रिजपर्यंत येऊन पोचणारे आहे.

पावसाळ्यात आमच्याकडे सर्पदंशाचे रुग्ण येतात. सोयाबीन काढताना हाताला चावलेले, रात्री जमिनीवर झोपल्यावर मण्यार चावलेले. घोणस चावल्याची शंका असेल, तर रुग्णाचे थोडे रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतो. वीस मिनिटांनी नळी तिरपी केली आणि रक्त पातळच राहिले, तर विष भिनले आहे. मग लगेच एएसव्ही, म्हणजे प्रतिविष. सुरुवातीलाच आठ ते दहा कुप्या लागतात.

भारतात मिळणारे हे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालते. ते तयार करण्याची रीत शंभरहून अधिक वर्षे जुनी आहे. घोड्यांना विषाचे अगदी थोडे थोडे डोस देतात, त्यांच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात, मग रक्तातला द्रव वेगळा करून शुद्ध करतात. काम वेळखाऊ आणि नाजूक आहे. ते करणाऱ्या कंपन्या देशात मोजक्याच आहेत. त्यांतली एक म्हणजे भारत सीरम्स अँड व्हॅक्सिन्स. १९७१ साली सुरू झालेली ही कंपनी. कारखाना ठाणे जिल्ह्यात अंबरनाथला. सर्पदंश आणि रेबीजवरची औषधे, वंध्यत्वावरच्या उपचारातील इंजेक्शने, आणि आरएच निगेटिव्ह मातांना बाळंतपणानंतर द्यावे लागणारे अँटी-डी ही तिची ओळख.

२५ जुलै २०२४ रोजी दिल्लीच्या मॅनकाइंड फार्माने ही संपूर्ण कंपनी अ‍ॅडव्हेंट इंटरनॅशनल या गुंतवणूक संस्थेकडून विकत घेत असल्याचे जाहीर केले. त्या घोषणेत आकडा होता सुमारे १३,६३० कोटी रुपये, आणि तो एंटरप्राइज व्हॅल्यूचा होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये व्यवहार पूर्ण झाला.

हिशेब करू. २०२३-२४ मध्ये कंपनीची विक्री सुमारे १,७२३ कोटी रुपये होती. त्यातला एबिटा साधारण २८ टक्के, म्हणजे सुमारे ४८२ कोटी. १३,६३० ला ४८२ ने भागले की उत्तर येते सुमारे २८. विक्रीच्या तुलनेत पाहिले तर जवळपास आठ पट. हळदीच्या कुकरला पाच पट आणि या कंपनीला अठ्ठावीस.

उलटे करून पाहिले तर चित्र अधिक स्पष्ट होते. शंभर रुपये घातले की वर्षाला साडेतीन रुपये कमाई, तीही व्याज, कर आणि घसारा जाण्याआधीची. बँकेतली मुदत ठेव याहून जास्त देते. मग एवढे पैसे का मोजले?

कारण घेणाऱ्याने आजची नव्हे, पुढची कमाई विकत घेतली. आधीच्या दोन वर्षांत कंपनीची विक्री वर्षाला सुमारे २० टक्क्यांनी वाढत होती. एबिटाही त्याच वेगाने पाच वर्षे वाढला, तर ४८२ चे १,२०० कोटी होतात, आणि मोजलेली किंमत त्या कमाईच्या साडेअकरा पट ठरते. वाढ १० टक्केच झाली, तर पाच वर्षांनीही ती साडेसतरा पट राहते. अठ्ठावीस हा आकडा चूक की बरोबर, याचे उत्तर वाढीच्या वेगात आहे. दुसरे कारण असे की, ही औषधे कुणीही उठून बनवू शकत नाही. घोडे, विष, जिवंत पेशी, मंजुऱ्या, अनुभवी माणसे हे सगळे जमायला वर्षे जातात. साध्या तापाच्या गोळ्या बनवणाऱ्या कंपनीशी या पटीची तुलना करणे म्हणजे हळदीच्या कुकरची जिनिंगशी तुलना करण्यासारखे आहे.

आकडा कुठे फसवतो

डॉक्टर एका रिपोर्टवर निदान करत नाही. हिमोग्लोबिन चांगले आले, पण रुग्ण उलट्या-जुलाबाने सुकलेला असेल, तर तो आकडा खोटा दिलासा देतो. पटीचेही तसेच आहे.

पहिली गोष्ट घसाऱ्याची. एबिटामध्ये घसारा धरत नाहीत. पण कुकरची टाकी गंजते, ड्रम झिजतो. औषध कारखान्यात तर निर्जंतुक खोल्या आणि यंत्रे सतत बदलावी लागतात. हा खर्च टळत नाही. कंपनी 'समायोजित एबिटा' म्हणत असेल, तर कोणता खर्च बाजूला काढला तेही विचारावे. वरच्या हिशेबातला २८ टक्क्यांचा आकडाही समायोजितच आहे.

दुसरी गोष्ट कर्जाची. कर्ज सांभाळता येईल एवढे आहे की नाही, हे पट सांगत नाही. मॅनकाइंडचेच पाहा. या खरेदीआधी तिच्याकडे कर्जापेक्षा रोख जास्त होती, म्हणून तिची एंटरप्राइज व्हॅल्यू बाजार भांडवलापेक्षा कमी होती. खरेदीसाठी मोठे कर्ज उभारल्यावर ती उलट बाजार भांडवलाच्या वर गेली. पुढच्या तिमाहींत व्याजाचा भार नफ्यावर दिसला. एबिटा पाहणाऱ्याला हा भार दिसत नाही.

तिसरी गोष्ट भागीदारांची. पुण्याची एमक्योर ही कंपनी जुलै २०२४ मध्ये शेअर बाजारात आली. तेव्हा तिच्याकडे पुण्याच्याच जिनोव्हा या जैवतंत्रज्ञान कंपनीचा सुमारे ८८ टक्के हिस्सा होता. जिनोव्हाची सगळी कमाई एमक्योरच्या हिशेबात दिसते, पण १२ टक्के मालकी दुसऱ्यांची. म्हणून त्या दुसऱ्यांच्या हिश्शाची किंमतही वर मिळवावी लागते. नाहीतर पट दिसते त्यापेक्षा खरी पट जास्त असते.

चौथी गोष्ट वर्षाची. साथीच्या काळातली कमाई धरून काढलेली पट फार कमी दिसते. अमेरिकेतील मॉडर्ना कंपनीचे २०२२ चे उत्पन्न १९ अब्ज डॉलरच्या वर होते. २०२३ मध्ये ते ७ अब्जांच्या खाली आले, २०२४ मध्ये साधारण ३ अब्जांवर. ज्यांनी २०२२ च्या कमाईवर भागाकार करून 'किती स्वस्त' म्हटले, त्यांनी तापाच्या भरातले नाडीचे ठोके नेहमीचे समजले.

भागायला काही नसेल तर?

गुरुजींच्या मुलासारख्या तरुणांना ज्या कंपन्यांचे आकर्षण असते, त्यांच्याकडे बहुतेक वेळा विकायला औषधच नसते. संशोधन चालू असते, खर्च चालू असतो, कमाई शून्य. शून्याने भागता येत नाही. अशा वेळी पट कितीही सांगितली तरी ती निरर्थक आहे.

मुंबईची इम्युनोअ‍ॅक्ट ही कंपनी घ्या. आयआयटी मुंबईतल्या संशोधनातून ती उभी राहिली, टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या सहकार्याने रुग्णांवर चाचण्या झाल्या. रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना कर्करोग ओळखायला शिकवायचे आणि परत शरीरात सोडायच्या, असा हा उपचार. २०२१ मध्ये लॉरस लॅब्सने या कंपनीतला २६.६२ टक्के हिस्सा ४६ कोटींना घेतला. त्यावरून संपूर्ण कंपनीची किंमत सुमारे १७३ कोटी निघते. तेव्हा या कंपनीचे एकही औषध बाजारात नव्हते. मग १७३ कोटी कशाचे? शक्यतेचे. औषध यशस्वी झाले तर किती कमाई होईल, ते होण्याची शक्यता किती, आणि तिथवर पोचायला किती वर्षे व किती पैसा लागेल, या तीन अंदाजांचा तो गुणाकार होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिच्या नेक्सकार-१९ या उपचाराला देशात मंजुरी मिळाली.

ही गोष्ट यशस्वी झाली म्हणून आपल्याला माहीत आहे. माणसांवरच्या चाचण्यांची पहिली पायरी चढलेल्या दहा औषधांपैकी साधारण एकच मंजुरीपर्यंत पोचते. उरलेल्या नवांच्या बातम्या मोबाइलवर येत नाहीत. समजा, यशस्वी झाल्यावर एखादी कंपनी हजार कोटींची होणार असेल आणि यशाची शक्यता दहात एक असेल, तर आज ती शंभर कोटींचीच धरावी. शिवाय ते यश आठ वर्षांनी येणार असेल, तर त्याहूनही कमी.

अशा कंपनीत मी दुसरा एक आकडा पाहायला सांगतो. ऑक्सिजनवरच्या रुग्णाला दुसऱ्या गावी हलवताना आम्ही सिलिंडरमध्ये किती आहे, मिनिटाला किती लागतो आणि रस्ता किती मिनिटांचा, एवढे पाहतो. कंपनीची रोख भागिले महिन्याचा खर्च, म्हणजे ती किती महिने तग धरेल ते कळते. चाचणीचा निकाल यायला तीन वर्षे असतील आणि पैसे चौदा महिन्यांचे असतील, तर मधल्या काळात नवे शेअर काढावे लागणार, आणि आपला वाटा पातळ होणार. २०२२-२३ मध्ये अमेरिकेतल्या अनेक छोट्या जैवतंत्रज्ञान कंपन्यांचे बाजार भांडवल त्यांच्या हातातल्या रोखीपेक्षाही कमी झाले होते. म्हणजे एंटरप्राइज व्हॅल्यू उणे. कागदावर हे फुकट मिळाल्यासारखे दिसते. पण ती रोख रोज जळत असते, हे बाजाराने हेरलेले असते.

पटीत न मावणारी किंमत

आता पुन्हा आमच्या फ्रिजकडे येतो. प्रतिविष हे राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, त्यामुळे त्याच्या किमतीवर सरकारची मर्यादा असते. असायलाच हवी. सर्पदंश होतो तो शेतकऱ्याला आणि मजुराला. देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा संशोधकांचा अंदाज आहे. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतले. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा आराखडा जाहीर केला.

एवढी गरज असूनही या औषधात नफा फार नाही. फ्रान्सच्या सनोफी कंपनीने आफ्रिकेतल्या दहा जातींच्या सापांवर चालणारे आपले प्रतिविष २०१४ मध्ये बनवणे थांबवले. शेवटच्या साठ्याची मुदत २०१६ मध्ये संपली. कंपनीच्या ताळेबंदात ही ओळ गेल्याने फारसे बिघडले नसेल. आफ्रिकेतल्या खेड्यांतल्या डॉक्टरांचे मात्र हातच गेले.

याच्या उलट बाजूला आपल्याकडे हाफकिन आहे. १८९९ मध्ये परळला प्लेगच्या प्रयोगशाळेपासून सुरू झालेली ही परंपरा. १९७५ मध्ये औषधनिर्मितीसाठी राज्य सरकारचे वेगळे महामंडळ झाले आणि तेही प्रतिविष बनवते. त्याचा शेअर बाजारात नाही, त्यामुळे त्याची पट कुणी काढत नाही. पण त्याची किंमत नाही, असे कोण म्हणेल?

आणखी एक उदाहरण मराठवाड्यातल्या माणसाचे. जालना जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला लाल विंचूच्या दंशावर प्राझोसिन ही जुनी, स्वस्त गोळी वापरून दाखवली. १९८६ मध्ये त्यांचे हे काम लॅन्सेटमध्ये छापून आले आणि विंचूदंशाचे मृत्यू झपाट्याने उतरले. त्या शोधावर कुणा कंपनीची एंटरप्राइज व्हॅल्यू एका रुपयानेही वाढल्याचे मी ऐकले नाही. कोकणात किती घरे वाचली, ते मात्र त्या भागातल्या लोकांना विचारा.

म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. औषध चांगले आहे का, हा एक. आणि या भावाला कंपनी घेण्याजोगी आहे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर 'हो' आले म्हणून दुसऱ्याचे आपोआप 'हो' होत नाही.

गुरुजींची वही

गुरुजींना मी त्या दिवशी एवढेच सांगितले की, मी औषधाचे सांगू शकेन, शेअरचे नाही. त्यासाठी सेबीकडे नोंदणी असलेला सल्लागार गाठा. पण त्याआधी कंपनीच्या वार्षिक अहवालातून चार आकडे वहीत उतरवून आणा: एकूण शेअर, कर्ज, रोख, आणि व्याज-कर-घसाऱ्याआधीची कमाई. हे अहवाल शेअर बाजारांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात.

पुढच्या आठवड्यात गुरुजी वही घेऊन आले. गणिताचेच शिक्षक ते, अक्षर मोत्यासारखे. दहा कोटी शेअर, अठरा रुपये भाव, म्हणजे १८० कोटी. कर्ज २६० कोटी. रोख १० कोटी. बेरीज-वजाबाकी करून ४३०. वर्षाची कमाई ११ कोटी. भागाकार ३९. शेवटी त्यांनी स्वतःच एक ओळ लिहिली होती: 'कॅन्सरचे औषध - चाचणी अजून सुरू नाही.'

"एकोणचाळीस वर्षं, डॉक्टरसाहेब," ते म्हणाले. "माझं वय धरून हिशोब बसत नाही."

रक्तदाब १४२ वर आला होता. बाईंच्या गुडघ्याची तारीख घ्यायला नांदेडला कधी जायचे, हे आम्ही मग ठरवले.